अल्पोपहार : पाहुण्यांच्या हातावर काय ठेवावे?

आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकेत शेवटी एक ओळ ठरलेली असते, 'कार्यक्रमानंतर अल्पोपहाराची व्यवस्था केली आहे'. पूर्वी या अल्पोपहाराचा अर्थ चहा, बिस्किट आणि फार तर चमचाभर चिवडा एवढाच होता. आता दिवस बदलले आहेत. नामकरण असो, नव्या घरातला प्रवेश असो, मुलीचा दहावी-बारावीचा निकाल असो वा वडिलांची सेवानिवृत्ती असो, संध्याकाळी पाच-पन्नास माणसे घरी बोलावण्याची पद्धत आपल्या वस्तीत आणि कॉलनीत चांगलीच रुळली आहे. अशा वेळी पंगत बसत नाही. पाहुणे उभ्या-उभ्या बोलतात, एका हातात ताटली असते आणि दुसऱ्या हाताने खाणे चालते. म्हणून पदार्थ असे लागतात की, जे चिमटीत धरता येतील आणि दोन घासांत संपतील. अशा वेळी काय करावे, किती करावे आणि ते नेटके कसे मांडावे, असे सातारा-सांगली भागातील अनेक भगिनी आम्हाला विचारतात. त्याचे उत्तर या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

परंतु आपल्या समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पाककृतीचा नाही. कोणी कोणाच्या हातचे खायचे, यावर या देशात हजारो वर्षे माणसाची किंमत ठरत आली. म्हणून पदार्थांकडे जाण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहू.

डबा भरलेला, पोट रिकामे

सातारा हे बाबासाहेबांच्या बालपणाचे गाव. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत घातले गेले, ती आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. 2017 पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. याच शाळेत तहान लागली की शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय त्यांना पिता येत नसे. शिपाई नसला तर पाणी नाही.

1901 च्या सुमाराची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वडील कोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. सुट्टीत त्यांना भेटायला बाबासाहेब घरातल्या मुलांबरोबर साताऱ्याहून निघाले आणि रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि एकही गाडीवान गाडी द्यायला तयार होईना. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा कुठे एक जण तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. रात्र झाली. घरून करून दिलेल्या डब्यात अन्न भरपूर होते, पोटात भूकही होती. पण प्यायला पाणी कोणी दिले नाही आणि पाण्यावाचून घास उतरेना. ती मुले भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली.

हे सगळे आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच रस्त्यावर घडले. पुढे 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे हात याच मुलाचे होते. त्याच महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, गावाचे उष्टे-शिळे तुकडे घेणे सोडा, असे कळकळीने सांगितले. अनेक घरांनी त्या दिवसापासून उष्टे घेणे बंद केले. उपाशी राहावे लागले तरी बंद केले. म्हणून आज आपण पाहुण्यापुढे जो ट्रे धरतो, त्यामागे आपल्या आजी-पणजीचा उपास आहे, हे ध्यानात असावे.

एक कप चहाची किंमत

सांगलीच्या शेजारचे कोल्हापूर. तेथे राजर्षी शाहू महाराजांच्या तबेल्यात गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ नोकरीस होते. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना पैसे देऊन स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. त्यांनी चहाचे हॉटेल काढले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? मग महाराज स्वतःच आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवू लागले. स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. राजाच पितो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली वसतिगृह सुरू केले. तेथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. 1927 साली गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली, तेव्हा त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

साता समुद्रापलीकडेही हीच गोष्ट. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका मोठ्या दुकानातील खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. तो काउंटर फक्त गोऱ्यांसाठी होता. त्यांना कॉफी मिळाली नाही, पण ते उठलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, मग शेकडो आले. जुलै महिन्यात त्या दुकानाला काउंटर सर्वांसाठी खुला करावा लागला. मुख्य जेवण राहू द्या, कॉफी आणि नाश्त्यासारख्या किरकोळ खाण्यावरही माणसाला लढावे लागले आहे.

आपल्या संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम 15 ने दुकाने, हॉटेले आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली. पण खाजगी घरात कोणी कोणाच्या हातचे खावे, हे कायदा ठरवू शकत नाही. तिथे आपल्या वागणुकीचेच काम आहे.

घरचे करावे की बाहेरून आणावे?

आता मुद्द्यावर येऊ. अलीकडे आम्ही एक गोष्ट वारंवार पाहतो. घरच्या कार्यक्रमाला ऑफिसातली मंडळी येणार असली की, आपली माणसे घरात काही करत नाहीत. मिठाईवाल्याकडून खोकी येतात, बंद पाकिटातले वेफर्स येतात, बाटल्या येतात. कारण विचारले तर हलक्या आवाजात उत्तर येते, "घरचे केले तर काही जण खात नाहीत. बाहेरचे असले की निदान हात तरी लावतात."

हे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. नव्या घराच्या कार्यक्रमाला आलेल्या सहकाऱ्याला नेमका त्याच दिवशी उपास असतो, एखाद्याचे पोट बिघडलेले असते, एखादा केळे मागून घेतो. हा अनुभव आपल्यातल्या बहुतेकांना कधी ना कधी आलेला आहे. पण त्या दोन-चार जणांच्या सोयीसाठी आपण आपली चूल थंड ठेवली, तर आपल्याच घरात आपण आपल्या हाताला बाट मानला असे होते. जो निर्मळ मनाने खायला आला आहे, त्यालाही आपल्या हातची चव मिळत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे : वेळ कमी असेल, घरात आजारपण असेल, माणसे फार असतील, तर बाहेरून जरूर आणा. त्यात कमीपणा नाही. परंतु कोणी खाणार नाही या भीतीने बाहेरून आणू नका. किमान दोन पदार्थ तरी घरचे असू द्यात आणि ते घरच्यांनीच पुढे करू द्यात. ज्याला घ्यायचे नाही त्याला आग्रह करू नये, टोमणा मारू नये. हसून पुढच्याकडे ट्रे न्यावा. लाजायचे कारण असले तर ते त्याच्यापाशी आहे, आपल्यापाशी नाही.

निवड कशी करावी?

हातात धरून खायच्या पदार्थाची निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट आकाराची. पदार्थ दोन घासांत संपावा. मोठा बटाटेवडा उभ्याने खाता येत नाही, तोच लिंबाएवढा केला की छान दिसतो आणि खाताना तारांबळ होत नाही. दुसरी गोष्ट ओलेपणाची. रस्सा, पातळ चटणी, पाकातली मिठाई हे पदार्थ कपड्यावर सांडतात. पांढरी साडी किंवा पांढरा सदरा घालून आलेल्या माणसाला हळदीचा डाग घेऊन घरी जावे लागू नये. चटणी द्यायचीच तर घट्ट करावी आणि पदार्थावरच बोटभर लावून द्यावी. तिसरी गोष्ट, हाड, काटा किंवा बी तोंडात येईल असे काही ठेवू नये. उभ्या माणसाला ते टाकायला जागा सापडत नाही.

चौथे म्हणजे सगळेच तळलेले नसावे. एक तळलेला, एक वाफवलेला, एक भाजलेला, एक कच्चा म्हणजे फळ किंवा काकडी-गाजर आणि एक गोड, असे पाच प्रकार पुरे होतात. पाचहून अधिक प्रकार केले की बाईमाणसांचा दिवस स्वयंपाकघरात जातो आणि पाहुणा गोंधळतो. पाचवे म्हणजे आलेल्यांत मधुमेहाचे लोक, म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात, त्यांचा विचार आधी करावा. मोडाच्या मटकीची कोरडी उसळ छोट्या द्रोणात द्यावी, उकडलेले अंडे ठेवावे. चार-पाच वर्षांच्या आतील मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. द्राक्षे उभी चिरून द्यावीत, कारण अख्खे द्राक्ष घशात अडकू शकते.

आपल्या मातीतले पदार्थ

उंची पदार्थ म्हणजे पेस्ट्री आणि सँडविच, अशी एक समजूत झाली आहे. फ्रेंच लोक पावाच्या छोट्या तुकड्यावर काहीतरी चविष्ट ठेवून पाहुण्यांना देतात, त्याला ते 'कानापे' म्हणतात. मोठ्या हॉटेलांतून तेच मिळते. आता विचार करा, आपली ज्वारीची चानकी त्याच कामाला किती उत्तम आहे! पूर्वी लेकरासाठी शेवटच्या उंड्याची छोटी भाकरी थापत, तीच ही चानकी. ती रुपयाच्या तीन-चार नाण्यांएवढी थापावी, तव्यावर कडक भाजावी आणि वर पिठले घट्ट करून त्याची एक वडी ठेवावी. किंवा कृष्णाकाठच्या वांग्याचे कोरडे भरीत ठेवावे, वर हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा ठिपका द्यावा. मांसाहार चालत असेल तर सुके मटण किंवा कोंबडीचा खिमा बिनहाडाचा करून ठेवावा. जत, आटपाडी, माण, खटावच्या दुष्काळी मातीत आपल्या माणसांना याच ज्वारी-बाजरीने जगवले. ती भाकरी दिवाणखान्यातल्या ट्रेमध्ये मानाने ठेवावी असे आम्हाला वाटते.

दुसरा पदार्थ कोथिंबीर वडी. तिचे उंडे आदल्या दिवशी वाफवून ठेवता येतात. पाहुणे यायच्या वेळी कापून थोड्या तेलात परतल्या की झाले. तिसरा, कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हा घेवडा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात चांगला उकळून कुकरमध्ये मऊ शिजवावा. घेवडा कधीही अर्धाकच्चा राहू देऊ नये, पोटाला बाधतो. शिजलेला घेवडा कुस्करून त्यात उकडलेला बटाटा, आले, मिरची आणि थोडे भाजके बेसन घालावे, चपट्या टिक्क्या करून तव्यावर भाजाव्यात.

चौथा, सांगलीकडचे भडंग. चुरमुरे, भरपूर लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता आणि तिखट. हे कागदी पुड्यात न देता पळसाच्या छोट्या द्रोणात द्यावे. सांगलीच्या हळदीलाही 2018 साली मानांकन मिळाले आहे, तेव्हा फोडणीत तीच पडू द्या. पाचवा, उकडलेली अंडी. दहा-बारा मिनिटे उकळून लगेच थंड पाण्यात टाकली की सालही नीट निघते आणि बलकाभोवती हिरवट कडा येत नाही. अर्धी कापून वर मीठ-मिरपूड आणि बारीक कोथिंबीर घातली की बघणाऱ्याला हात पुढे करावासा वाटतो.

गोडासाठी साताऱ्याचे कंदी पेढे आहेतच, पण पेढा अर्धा करून ठेवावा. तासगाव भागातला बेदाणा भाजलेल्या शेंगदाण्यात आणि गुळाच्या पाकात बांधून सुपारीएवढे लाडू करता येतात. जानेवारी ते एप्रिल द्राक्षे असतात, हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, आटपाडीकडचे डाळिंब असते. काकडीचे दीड बोट जाडीचे तुकडे करून मधला गर थोडा कोरावा आणि त्या वाटीत डाळिंबाचे दाणे भरावेत. लाल-हिरवा रंग इतका खुलतो की, सजावटीला वेगळे काही करावे लागत नाही.

हिशेब आधी, खरेदी मग

आमच्यासारख्या कारकुनी करणाऱ्यांना हिशेबाची सवय असते, ती इथे उपयोगी पडते. पुढे जेवण असेल तर माणशी चार ते पाच नग पुरतात आणि तीन प्रकार पुष्कळ होतात. जेवण नसून फक्त संध्याकाळचा अल्पोपहार असेल, तर माणशी दहा नग धरावेत.

पन्नास पाहुण्यांचा हिशेब पाहा. दहा गुणिले पन्नास म्हणजे पाचशे नग. पाच प्रकार असतील तर प्रत्येकाचे शंभर. शंभर कोथिंबीर वड्यांना साधारण पाऊण किलो बेसन आणि चार-पाच मोठ्या जुड्या लागतात. शंभर चानक्यांना दीड ते दोन किलो ज्वारीचे पीठ लागते. अर्धी-अर्धी अंडी शंभर हवी असतील तर पन्नास अंडी. उरलेल्या दोन जागी शंभर टिक्क्या आणि शंभर छोटे लाडू. भडंग नगावर मोजत नाहीत, ते या पाचशेच्या वर, पन्नास द्रोणांना एक किलो चुरमुरे भरपूर होतात. चहा माणशी शंभर मिलिलिटर धरला तर पाच लिटर होतो. हे सारे कागदावर लिहून मगच बाजारात जावे. 'कमी पडू नये' या धास्तीने दीडपट केले जाते आणि मग दुसऱ्या दिवशी शिळे खावे लागते किंवा टाकावे लागते. आपल्या लोकांनी शिळ्याचे दिवस पुष्कळ पाहिले आहेत. आता ताजे करावे, बेताचे करावे.

खर्चाचेही तेच. कर्ज काढून पार्टी करू नये. मोठ्या हॉलऐवजी घरच्या अंगणात किंवा विहाराच्या ओसरीवर कार्यक्रम केला आणि वाचलेल्या रकमेतून एखाद्या गरजू विद्यार्थ्याची पुस्तके घेतली, तर तो अल्पोपहार पाहुण्यांच्या कायम लक्षात राहील.

मांडणी आणि स्वच्छता

नेटकेपणा महागड्या भांड्यांत नसतो. एका ट्रेमध्ये एकच पदार्थ ठेवावा, ओळीत ठेवावा, गर्दी करू नये. ट्रे अर्धा रिकामा झाला की आत नेऊन पुन्हा भरावा. विस्कटलेल्या ट्रेमधला शेवटचा तुकडा कोणी घेत नाही. पांढऱ्या टेबलक्लॉथवर स्टीलचे ट्रे आणि केळीचे पान एवढे असले तरी शोभा येते. हात पुसायला कागदी रुमाल हवेत आणि ताटल्या टाकायला टोपली डोळ्यांसमोर हवी. पिण्याच्या पाण्याची सोय सर्वांत आधी आणि सर्वांच्या हाताशी हवी. मसूरची हकीकत वाचलेल्या घरात पाणी मागून घ्यावे लागू नये.

2018 पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्यांना बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण वापरावेत किंवा सरळ स्टीलच्या ताटल्या. तळलेले पदार्थ वर्तमानपत्रावर निथळू नयेत, छपाईची शाई अन्नात उतरते आणि ती शरीराला घातक असते. आपले 14 एप्रिलचे कार्यक्रम भर उन्हाळ्यात येतात. शिजवलेला पदार्थ दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावर ठेवू नये आणि कडक उन्हाळ्यात तर एकच तास धरावा. अंडी, खिमा, पनीर यांच्या बाबतीत हा नियम विशेष पाळावा. थोडे-थोडे काढावे, बाकीचे फ्रीजमध्ये किंवा झाकून गरम ठेवावे.

शाकाहार आणि मांसाहार यांचे ट्रे वेगळे ठेवावेत, चिमटे वेगळे ठेवावेत आणि समोर छोट्या कार्डावर नाव लिहावे. हा साधा शिष्टाचार आहे. मात्र शाकाहारी पाहुण्यांसाठी दुसरी खोली, दुसरी बैठक असे काही करू नये. पदार्थ वेगळे ठेवता येतात, माणसे वेगळी बसवायची नसतात.

भन्तेजी आणि धम्माचे भान

घरातल्या कार्यक्रमाला भिक्खू संघ येणार असेल तर एक गोष्ट पाळावी. भिक्खू दुपारी बारानंतर घन आहार घेत नाहीत. म्हणून भोजनदान सकाळी, बारापूर्वी पूर्ण करावे. संध्याकाळच्या अल्पोपहाराचा ट्रे त्यांच्यापुढे नेऊन त्यांना अवघडल्यासारखे करू नये. पाणी किंवा गाळलेला फळांचा रस द्यावा. बुद्धवंदनेचा कार्यक्रम असेल त्या दिवशी अनेक घरे शाकाहारी पदार्थच करतात. ते प्रत्येक कुटुंबाने आपापसात ठरवावे.

आणखी एक. 'पार्टी' म्हटले की बाटली, हे समीकरण तरुणांच्या डोक्यात बसू लागले आहे. दिवाणखान्यात बुद्धमूर्ती, भिंतीवर बाबासाहेब आणि गच्चीवर ग्लास, हे पंचशीलातल्या पाचव्या शीलाशी जुळत नाही. कोकम सरबत, ताक, उसाचा रस, आल्याचा चहा असताना आणखी कशाची गरज पडू नये.

मागच्या दाराचा कप

शेवटी आपल्याच घरात डोकावू. एके काळी गावातल्या हॉटेलात आपल्या वाडवडिलांसाठी वेगळी कपबशी खुंटीला टांगलेली असे. चहा पिऊन ती आपणच धुऊन ठेवायची असे. 1972 साली 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ याच महाराष्ट्रात सुरू करावी लागली. म्हणजे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तरी पाण्याचा प्रश्न मिटलेला नव्हता. हे सारे आपण भाषणातून सांगतो. मग आपल्या फ्लॅटमध्ये धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचा कप ओट्याखाली का असतो? कार्यक्रमाच्या दिवशी गाडीच्या ड्रायव्हरला, मंडपवाल्या पोराला, सफाई करणाऱ्या भावाला शेवटी, उरलेले, कागदावर का दिले जाते? शेजारच्या मातंग किंवा चर्मकार कुटुंबाला पत्रिका जाते का? मुलांना हे दिसते. मुले भाषणापेक्षा कपाकडे पाहून शिकतात.

म्हणून आमची सूचना अशी. ट्रे घेऊन फिरताना साहेब, शेजारी, ड्रायव्हर असा क्रम लावू नये. दारापाशी जो उभा असेल तिथून सुरुवात करावी आणि ओळीने जावे. सगळ्यांना तीच ताटली, तोच द्रोण, तोच कप द्यावा. ट्रे दोन्ही हातांनी धरून पाहुण्याच्या छातीच्या उंचीवर न्यावा आणि क्षणभर थांबावे. वरून टाकल्यासारखे काही देऊ नये. वाढण्याचे काम फक्त सुनांवर आणि मुलींवर ढकलू नये. घरच्या मुलांनी, जावयांनी, स्वतः यजमानांनीही ट्रे हाती घ्यावा. म्हणजे घरच्या बायकांनाही पाहुण्यांशी दोन शब्द बोलता येतील आणि गरम वडी खाता येईल.

केवळ एकत्र खाण्याने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या आपल्या भाषणात स्पष्ट मांडले आहे. सहभोजने पुष्कळ झाली आणि जात तशीच राहिली. खरा उपाय त्यांनी आंतरजातीय विवाह हा सांगितला. तेव्हा एका ट्रेने क्रांती होईल असे आम्ही म्हणत नाही. पण जो आपल्या घरची चानकी खाणार नाही, तो आपल्या घरी सोयरीक करायला कधी येणार? आणि आपणच ज्याला वेगळ्या कपात चहा देतो, त्याच्याकडे आपण कधी जाणार? सुरुवात छोट्या घासापासूनच होते.

प्रत्येक विहार समितीने आणि महिला मंडळाने एक काम मनावर घ्यावे. वर्गणी काढून एकाच साच्याच्या शंभर स्टीलच्या ताटल्या, शंभर कप, शंभर पेले आणि आठ-दहा ट्रे घ्यावेत. ज्या घरी कार्यक्रम असेल त्या घराला ते नाममात्र देणगीवर द्यावेत आणि परत आल्यावर मोजून, नोंदवहीत लिहून ठेवावेत. गरिबाच्या नामकरणाला आणि अधिकाऱ्याच्या गृहप्रवेशाला मग एकच ताटली दिसेल. येत्या वर्षावासात समितीच्या बैठकीत हा विषय जरूर मांडा.

जय भीम!